शेवटच्या दोन मीटरची जबाबदारी



 विद्युत ठेकेदार, वायरमन, विक्रेते आणि लघुउद्योजक यांच्या या अधिवेशनासाठी विद्युत उपकरणांची सुरक्षा-चाचणी आणि प्रमाणन हा विषय आपण निवडलात, याचा अध्यक्ष या नात्याने मला आनंद आहे. आपल्या सभांत दर, थकबाकी आणि जीएसटी यांवर तासन्‌तास चर्चा होते. आपण लोकांच्या घरात जे बसवतो ते तपासलेले आहे का, हा प्रश्न मात्र दरवेळी मागे पडतो. आज तो पहिला आला आहे.

देशाच्या विजेच्या नकाशावर सोलापूरचे नाव ठळक आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडला जोडली गेली. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. या साऱ्या यंत्रणेवर अभियंत्यांची फौज रात्रंदिवस लक्ष ठेवते. पण भिंतीतल्या सॉकेटपासून बाईच्या हातातल्या इस्त्रीपर्यंतचे शेवटचे दोन मीटर कोणाच्या ताब्यात असतात? ते आपल्या ताब्यात असतात. ती वायर, ती पिन, तो स्विच आपणच निवडतो, विकतो आणि बसवतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. आगीत जाणारे जीव वेगळेच. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला, त्यात लहान मूलही होते. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा सांगितला गेला. त्या घटनेच्या कारणांबद्दल मी इथे निवाडा करणार नाही. सर्वसाधारणपणे एवढे मात्र सांगतो की पंचनाम्यात 'शॉर्टसर्किट' हा शब्द लिहिला की आपल्याकडे चौकशी संपल्यासारखी वाटते. खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. शॉर्टसर्किट कशाने झाले? वायर लोडच्या मानाने बारीक होती का? टर्मिनल सैल होते का? एमसीबी पडायला हवा होता, तो का पडला नाही? लूमच्या शेडमध्ये सुताची धूळ सतत उडत असते. तिथे साधी उघडी पेटी बसवली होती, की धुळीला अटकाव करणारी, आयपी ५४ किंवा त्यावरच्या दर्जाची? हे प्रश्न विचारले तर उत्तर बहुतेक वेळा आपल्या धंद्यापर्यंत येऊन पोहोचते.

चादरीच्या बाबतीत सोलापूरकराला कोणी फसवू शकत नाही. दोन बोटांत कापड धरून तो वीण सांगतो, वजन सांगतो. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेर विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो आणि आपल्या विणकराच्या पोटावर पाय येतो, ही आपली जुनी तक्रार आहे. खोट्या नावाने काय नुकसान होते, हे या शहराइतके कोणाला कळणार? त्याच शहरात खोट्या आयएसआय छापाची वायर काउंटरवरून जावी, हे मला सहन होत नाही. चादर निदान हाताला कळते. वायरमधले तांबे पीव्हीसीच्या आत असते आणि बोटांना काही सांगत नाही. म्हणून तिथे मोजमाप लागते.

ते मोजमाप अवघड नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. आपण ज्याला दीड एमएम म्हणतो, त्या १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरचा रोध २० अंश तापमानाला किलोमीटरमागे १३.३ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे ९० मीटरच्या बंडलात तो सुमारे १.२ ओहमच्या आत हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्या दुकानात ४० अंश असतात, तांबे तापले की रोध वाढतो, म्हणून तेव्हा १.३ पर्यंत धरा. चांगला मल्टिमीटर घ्या. आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा टिपा आणि मग तो वजा करा, नाहीतर मोजमाप फसते. बंडलाची दोन टोके सोला, मोजा. आकडा १.७ आला तर पावभर तांबे गायब आहे, किंवा वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम आहे. अशा वायरमधून तेवढाच प्रवाह गेला तरी उष्णता सव्वापटीहून अधिक होते, आणि ती कन्सील पाइपात, प्लॅस्टरच्या आत, वर्षानुवर्षे साठत राहते. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. प्रत्येक लॉटमधले एक बंडल मोजणारे दुकान सोलापुरात असेल, तर त्या दुकानाचे नाव सगळीकडे सांगितले पाहिजे.

आता प्रयोगशाळेत काय होते तेही थोडे पाहू, कारण छापाच्या मागे केवढी मेहनत असते हे विकणाऱ्यालाही ठाऊक असावे. घरगुती उपकरणांसाठी आयएस ३०२ हे मूळ मानक. त्यात उपकरण ९३ टक्के दमट हवेत ४८ तास ठेवतात आणि लगेच त्यावर हजार व्होल्टच्या वरचा दाब मिनिटभर लावतात. इन्सुलेशन टिकले तर पुढे. अर्थ टर्मिनलपासून धातूच्या कवचापर्यंत किमान २५ अँपिअरचा प्रवाह सोडून रोध ०.१ ओहमच्या आत आहे का ते पाहतात. प्लॅस्टिकच्या भागाला साडेआठशे अंशांपर्यंत तापवलेली तार ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर ज्योत पुढच्या ३० सेकंदांत विझली पाहिजे. इस्त्री तर चार सेंटीमीटरवरून पोलादी पाटावर हजार वेळा आपटतात, कारण घरात ती तशीच आपटली जाते. माणूस वस्तू कशी वापरेल आणि कशी बिघडवेल, याचा इतका बारीक विचार या मानकांत आहे. मला या कामाबद्दल नितांत आदर वाटतो.

जगात याची सुरुवात विमा कंपन्यांच्या धास्तीतून झाली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा झगमगाट होता. तिथले वायरिंग तपासायला विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याला बोलावले गेले, आणि पुढच्याच वर्षी त्याने चाचणीची प्रयोगशाळा काढली. तीच पुढे 'यूएल' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली, आणि १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली. वायर, स्विच, एमसीबी, इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड या वस्तू २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून मानक चिन्हाशिवाय, म्हणजेच आयएसआय छापाशिवाय, विकताच येत नाहीत. चार्जर, ॲडॉप्टर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांच्यासाठी सक्तीची नोंदणी आहे आणि त्यांच्यावर 'आर' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. काही विक्रेते 'सीई' छाप दाखवून गिऱ्हाइकाचे समाधान करतात. तो छाप युरोपच्या बाजारासाठी आहे आणि अशा घरगुती उपकरणांवर तो बहुधा कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. भारतीय परवान्याची जागा तो घेऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. प्रयोगशाळेतली टाइप टेस्ट नमुन्यावर होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगावर रुटीन टेस्ट व्हायची असते, ती कारखानदाराच्या प्रामाणिकपणावर चालते. आणि या दोन्ही चाचण्या घरात अर्थिंग आहे असे गृहीत धरतात. आपल्या जिल्ह्यात अनेक ठिकाणी जमीन खडकाळ, वरचा मातीचा थर कमी, उन्हाळ्यात खोलवर कोरडी. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी पडले नाही की मे महिन्यात त्याचा रोध कितीतरी वाढतो. त्यातच बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या आणि रॉडच्या एलिमेंटवर क्षारांचा थर चढतो, एलिमेंट जास्त तापते आणि तडकते. प्रवाह पाण्यात उतरतो. अशा वेळी तिसऱ्या पिनेवरच माणसाचा जीव असतो, आणि तीच पिन आपल्यापैकी कोणीतरी दोन पिनांच्या सॉकेटात बसेना म्हणून तोडून दिलेली असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर तो सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडतो. बंगल्याच्या फरशीवर लाखो खर्च करणारा मालक या एका उपकरणाला नाही म्हणतो, तेव्हा त्याला समजावणे हा आपल्या कामाचा भाग आहे.

कारखानदारांची अडचण मला माहीत आहे. स्टार्टर, पॅनल, पंप, एलईडी दिवे बनवणारी छोटी युनिट्स इथे आहेत. चाचणीसाठी नमुना पुण्या-मुंबईला, वडोदऱ्याच्या एर्डाला किंवा बेंगळुरूच्या सीपीआरआयला पाठवायचा, अहवालाची वाट पाहायची, नापास झाला तर पुन्हा तोच फेरा. सूक्ष्म उद्योगांना मार्किंग फीमध्ये सवलत आहे. पण फीपेक्षा अंतर आणि वेळ जास्त महाग पडतात. म्हणून माझी मागणी आहे की चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत सामायिक चाचणी केंद्र व्हावे. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि शासकीय तंत्रनिकेतन यांच्याकडे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. हाय व्होल्टेज, अर्थ कंटिन्युइटी, गळती प्रवाह आणि तापमानवाढ या चार चाचण्यांची सोय इथे झाली, तरी कारखानदाराचा माल बाहेरच्या प्रयोगशाळेत जाण्याआधीच त्याचे दोष कळतील. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा होणे ही पुढची पायरी, ती यथावकाश गाठता येईल. या अधिवेशनाने आजच तसा ठराव करून तो उद्योगमंत्री आणि भारतीय मानक ब्युरो यांच्याकडे पाठवावा, अशी माझी सूचना आहे.

केंद्र होईपर्यंत मात्र आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. विक्रेते बंधूंनो, मानक चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपवर तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की रद्द झाला, ते तिथल्या तिथे समजते. नवा माल उतरवून घेताना हे पाहा आणि तो क्रमांक गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहा. वायरमन बंधूंनो, पिन तोडून द्यायला नकार द्या, काम संपल्यावर मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहिल्याशिवाय पैसे घेऊ नका. येत्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर जे स्टॉल आपल्यापैकी कोणी जोडून देतील, तिथूनच याची सुरुवात करा.