नवतीवर बसलंय काय?



संत्र्याला नवती फुटली की शेंड्यावर काहीतरी बारीक दिसतं आणि आपण म्हणतो, "मावा असेल." या 'असेल'वर फवारणी ठरू नये, म्हणून आज फक्त सायला नावाची कीड ओळखण्याबद्दल बोलतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. फांदी हलवू नका. हलली की सायला उडालीच म्हणून समजा. प्रौढ कीड तिळाएवढी, तीन-चार मिलिमीटरची. तिची बसायची ढब आधी बघा. डोकं पानाला टेकलेलं, मागचा भाग वर उचललेला, जणू बाभळीचा काटा पानात तिरपा रुतलाय. मावा असा बसत नाही, उडीही मारत नाही. त्याच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात. त्या सायलाला नसतात.

खरी गफलत होते ती तुडतुड्याशी, कारण तोही उड्या मारतो. तुडतुड्याची मिशी केसासारखी आखूड, आणि मागच्या नडगीवर काट्यांची लांब रांग. सायलाची मिशी चांगली लांब, दहा पेरांची. नडगीवर काटे फक्त टोकाशी, कड्यासारखे. मागच्या पायांची बुडं जाड, छातीशी पक्की जडलेली. उडीचा सगळा जोर तिथला. पंखावर तपकिरी शिंतोडे असतात आणि शिरांचा एकच दांडा निघून त्याला पुढे फाटे फुटतात. हे फाटे दिसले की मनात शंका ठेवू नका.

पिल्लं मात्र उडत नाहीत. चपटी, पिवळी-नारिंगी, लाल डोळ्यांची, कोवळ्या देठाला चिकटून बसलेली. त्यांच्या अंगातून मेणचट पांढऱ्या दोऱ्या लोंबतात. अंडी बदामाच्या आकाराची, न उलगडलेल्या पानांच्या घडीत.

मी एवढा आग्रह धरतो, कारण ग्रीनिंग या रोगाचा जिवाणू हीच कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि रोग लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सायला १९९८ साली सापडली, ग्रीनिंग २००५ साली. तिथल्या संत्राबागा त्यानंतर सावरल्या नाहीत.

आणखी एक. भिंगाखाली एखादं पिल्लू तपकिरी, सुकलेलं, पानाला चिकटलेलं दिसेल, आणि त्याच्या पाठीला गोल भोक असेल. तिथून टॅमारिक्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडली आहे. ती सायलाच्याच पिल्लावर वाढते. अशी भोकं किती दिसतात ते मोजा, आणि फवारणीचं त्यानंतर ठरवा.