स्वस्त फ्रेंच रेड वाइन कोणाच्या हातची?

फ्रान्सच्या रेड वाइनची तुलना बहुधा प्रदेशाच्या नावाने किंवा द्राक्षाच्या वाणावरून केली जाते. महागड्या बाटल्यांच्या बाबतीत ती पद्धत पुरेशी ठरते, कारण तेथे जमिनीचा तुकडा न् तुकडा जाणकारांच्या ओळखीचा असतो. मात्र दहा युरोंच्या आतल्या बाटल्यांकडे वळले की एकाच प्रदेशाचे नाव मिरवणाऱ्या दोन वाइनमध्ये एवढा फरक आढळतो की केवळ नावावर विसंबून निवड करणाऱ्याची हमखास फसगत होते. अशा वेळी वाइन कोणी केली, द्राक्षांचे पैसे शेतकऱ्याला कोणत्या हिशेबाने मिळाले आणि वाईट हंगामाचा तोटा कोणाच्या अंगावर पडला, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

दक्षिण फ्रान्समधील रोन नदीच्या खोऱ्याचे उदाहरण त्यासाठी सोयीचे आहे. येथील बरीचशी रेड वाइन 'कोत द्यु रोन' या नावाने विकली जाते. हे नाव 'अपेलासियों' आहे, म्हणजे कायद्याने संरक्षित केलेले स्थळनाम; ते लावायचे असेल तर द्राक्षे ठरलेल्या क्षेत्रातली, ठरलेल्या वाणांची आणि ठरलेल्या मर्यादेतल्या उत्पन्नाची असावी लागतात. ही व्यवस्था १९३५ साली कायद्याने देशभर उभी राहिली आणि कोत द्यु रोनला १९३७ मध्ये हा दर्जा मिळाला. या नावाखाली हेक्टरी, म्हणजे सुमारे अडीच एकरांमागे, मूळ मर्यादेनुसार ५१ हेक्टोलिटर वाइन काढता येते; एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर, तेव्हा बाटल्यांत मोजल्यास त्या ६,८०० होतात. शेजारच्या नामांकित शातोनफ द्यु पाप येथे हीच मर्यादा ३५ हेक्टोलिटर आहे, तर दक्षिणेतल्याच लांगदोक प्रांतातील 'पेई दॉक' या सैल नियमांच्या वर्गात ती ९०, म्हणजे बारा हजार बाटल्यांपर्यंत जाते. किमतीतील तफावतीचा बराचसा उलगडा या आकड्यांतच होतो. एकाच मर्यादेत राहणाऱ्या दोन बाटल्यांतील फरक मात्र त्यांतून कळत नाही.

या प्रदेशातील उत्पादकांचा एक वर्ग 'नेगोसियां', म्हणजे वाइनच्या व्यापाऱ्यांचा आहे. हे व्यापारी अनेक शेतकऱ्यांकडून द्राक्षे किंवा तयार वाइन विकत घेतात, तिचे मिश्रण करतात आणि आपल्या नावाने बाटलीबंद करतात. आंप्वी या गावी १९४६ साली स्थापन झालेली गिगाल ही पेढी त्यांतील ठळक उदाहरण होय. तिच्या रेड कोत द्यु रोनमध्ये सिरा या गडद रंगाच्या, मिरीसारखा वास देणाऱ्या वाणाचे प्रमाण दक्षिणेतील नेहमीच्या रीतीपेक्षा अधिक असते आणि ती बाजारात येण्याआधी मोठ्या लाकडी पिंपांत मुरवली जाते. व्यापाऱ्याचे खरे कसब खरेदीत आणि मिश्रणात असते. एका गावात पाऊस अवेळी झाला तर तो दुसऱ्या गावाची वाइन घेतो, त्यामुळे अशा पेढीची वाइन दरसाल जवळजवळ सारखी लागते. परक्या गावात अनोळखी दुकानासमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला हा भरवसा मोलाचा वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु ज्या गुणामुळे वाईट वर्ष झाकले जाते, त्याच गुणामुळे एखाद्या गावाच्या मातीची खूणही पुसली जाते.

सहकारी संस्थांची कथा अधिक खोलात जाऊन सांगावी अशी आहे. लांगदोकमधील बझिए शहराजवळच्या मारोसां या गावी १९०१ साली लहान द्राक्षबागायतदारांनी एकत्र येऊन आपली वाइन पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक-सहकारी संस्थांना थेट विकण्यास सुरुवात केली, आणि १९०५ मध्ये त्यांनी सामाईक तळघर, म्हणजे वाइन तयार करण्याची व साठवण्याची इमारत, उभारली. समाजवादी नेते झां झोरेस त्याच वर्षी ते पाहण्यास गेले होते. अतिरिक्त उत्पादन आणि साखर-पाणी मिसळून केलेली बनावट वाइन यांमुळे भाव कोसळून १९०७ साली लांगदोकच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, त्या उठावानंतर सहकाराची ही कल्पना दक्षिणेत गावोगाव पसरली. रोनच्या खोऱ्यात रास्तो आणि केरान या गावांच्या सहकारी संस्था १९२० च्या दशकातल्या आहेत.

या संस्थांच्या वाइनच्या दर्जाचे मर्म त्यांच्या काट्यावर सापडते. पूर्वी बहुतेक ठिकाणी सभासदाला मोबदला द्राक्षांचे वजन आणि त्यांतील साखरेचा अंश यांच्या गुणाकाराने मिळत असे. फ्रेंच शेतकरी त्या मापाला 'किलो-देग्रे' म्हणत. साखर कारखान्याच्या उताऱ्यावर उसाचा दर ठरताना पाहिलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा हिशेब लगेच उमगेल. त्यात सभासदाचा फायदा अधिक वजनात होता. वाइनला मात्र वेलीवर मोजके घड, जुनी वेल आणि नेमक्या दिवशीची तोडणी हवी असते, आणि या गोष्टींना काट्यावर वजन नसते. अशी भरघोस पिकाची द्राक्षे आली की काही मोठ्या तळघरांत ती साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापवून रंग झटपट उतरवून घेतला जातो. त्यातून गडद, मऊ, जॅमच्या वासाची वाइन मिळते, जी कोणालाच नावडत नाही आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. याउलट ज्या संस्थांनी बागेची हंगामभर पाहणी करून प्रत्येक तुकड्याला वेगळा दर द्यायला सुरुवात केली, उतारावरच्या ग्रनाश वाणाच्या जुन्या वेलींचे घड वेगळ्या टाकीत घेतले, त्यांची वाइन त्याच किमतीत वेगळ्याच योग्यतेची झाली. सहा-सात युरोंच्या बाटलीत गावाच्या मातीची चव शोधायची असेल तर अशा संस्थेकडेच आधी जावे. तेवढ्या किमतीत जुन्या वेलींची द्राक्षे वापरणे इतरांना क्वचितच परवडते.

स्वतःच्या बागेतील द्राक्षांची स्वतःच वाइन करणारा स्वतंत्र बागायतदार या किमतीला सर्वांत अडचणीत असतो. टाक्या, दाबयंत्र, पिंपे यांचा खर्च त्याला थोड्याच बाटल्यांवर वाटून घ्यावा लागतो. बाटलीबंदीची यंत्रे अनेकांना घेता येत नाहीत. ती बसवलेला ट्रक ठरलेल्या दिवशी दारात येतो, नळ्या टाकीला जोडल्या जातात, घरची माणसे खोकी भरतात आणि वर्षभराची वाइन एक-दोन दिवसांत बाटल्यांत जाते. या बागायतदाराच्या वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे सालीत व बियांत असणारे तुरट द्रव्य, एखाद्या वर्षी रुक्ष लागते, तर पुढच्या वर्षी तेच रेशमासारखे उतरते. ज्याला हा चढउतार रसपूर्ण वाटतो त्याने त्याच्याकडेच जावे, मात्र प्रसिद्ध गावे टाळून बाजूच्या गावांत शोधावे.

बाटलीवरील मजकुरातून हे भेद ओळखता येतात, पण तो काळजीने वाचावा लागतो. 'मी झां बुतेय ओ दोमेन' याचा अर्थ वाइन मळ्यावरच बाटलीबंद झाली असा होतो, तर 'आ ला प्रोप्रिएते' हे शब्द सहकारी संस्थाही वापरू शकते, कारण कायद्याच्या दृष्टीने सामाईक तळघर हा सभासदांच्या मालमत्तेचाच विस्तार आहे. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांच्या टोपणावर मारियान या प्रजासत्ताकाच्या प्रतीक-स्त्रीचा चेहरा असतो. तो कर भरल्याची खूण आहे, आणि त्याच्याजवळ 'आर' हे अक्षर असल्यास उत्पादक स्वतः द्राक्षे पिकवणारा, 'एन' असल्यास व्यापारी असे समजले जाते.

या अक्षरांवरून दर्जाचा निकाल मात्र लावता येत नाही. शातोनफमधील शातो द बोकास्तेल हा नामवंत मळा ज्या पेरँ घराण्याचा आहे, तेच घराणे विकत घेतलेल्या मालापासून 'ला व्हिएय फेर्म' ही स्वस्त वाइनही काढते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांत कोवळे फुटवे कडाक्याच्या दहिवराने करपले, तेव्हा व्यापाऱ्यांना वाचलेल्या भागातून खरेदी करता आली आणि सहकारी संस्थांत तोटा सभासदांमध्ये वाटला गेला; स्वतंत्र बागायतदाराच्या टाक्या मात्र रिकाम्या राहण्याची वेळ आली. त्यांपैकी अनेकांनी तळघर चालू ठेवण्यासाठी दुसऱ्यांची द्राक्षे विकत घेऊन त्यांची वाइन केली, आणि ज्या हातांनी तोवर केवळ आपल्याच मळ्याची वाइन केली होती, त्यांच्याही काही बाटल्या व्यापारी म्हणून बाजारात आल्या.