पोटातला संसार



आपल्या घरात चूल कुठे, रांजण कुठे, कणगी कुठे, हे आपल्याला अंधारातही सांगता येतं. पण ज्या देहात आपण जन्मभर राहतो, त्याच्या आत काय कुठे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कुठेही दुखलं की आपण म्हणतो, "पोटात दुखतंय." पण पोट ही काय एकच वस्तू आहे? आत मोठा संसार आहे. तो आज पाहू.

मोजायला फूटपट्टी नको. प्रत्येकाने आपली मूठ वळा. वळली? तुमचं हृदय साधारण एवढंच आहे. ते छातीत, मधोमध पण थोडं डावीकडे कललेलं असतं. एका दिवसात ते सुमारे १ लाख वेळा धडधडतं. वारकरी पंढरीहून परत आला की घरी विसावतो. हृदयाला विसावा नाही.

हृदयाच्या दोन्ही बाजूंना दोन फुप्फुसं. उजवं थोडं मोठं, डावं थोडं लहान. डाव्याला हृदयासाठी जागा सोडावी लागते ना! त्यांच्या आत कोट्यवधी बारीक फुगे आहेत. तिथून प्राणवायू रक्तात जातो. विडीचा धूरही तिथेच जातो, हे विडी ओढणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आता काळीज. "काळीज धडधडलं" असं आपण म्हणतो, ते हृदय. पण मटणाच्या दुकानात काळीज म्हणून जे मिळतं, ते यकृत. माणसाचं यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं. वजन सुमारे दीड किलो. देहाच्या आतला हा सर्वांत मोठा अवयव. अन्न पचायला लागणारं पित्त तोच करतो, अंगात गेलेलं विषही तोच निकामी करतो. दारूचा मोठा मार त्याच्यावरच बसतो.

डाव्या अंगाला, वरच्या बाजूस जठर. ही अन्नाची पिशवी. तिच्यात एक ते दीड लिटर मावतं. तिच्या पुढे आतडी. लहान आतडं सुमारे २० फूट लांब, मोठं सुमारे ५ फूट. लांब असून ते लहान कसं? तर ते अरुंद आहे म्हणून. दोन्ही मिळून २५ फूट झाली. आणि नऊवारी लुगडं असतं २७ फूट! म्हणजे जवळजवळ एक लुगडं आपल्या पोटात घड्या घालून ठेवलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, हे कुणी मोजलं? सोलापुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा महाविद्यालयांत डॉक्टर होणारी मुलं पहिल्याच वर्षी मृत माणसाचा देह उघडून एकेक अवयव पाहतात. कुणीतरी आपल्यामागे आपला देह दान करतो, म्हणून ती शिकतात आणि आपण वाचतो.

आता नीट ऐका. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, तिथे उजवीकडे खाली करंगळीसारखं एक शेपूट लोंबतं. त्याला आंत्रपुच्छ म्हणतात. दवाखान्यात अपेंडिक्स म्हणतात. ते सुजलं की आधी बेंबीभोवती दुखतं. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं. उलटी होते, ताप येतो. आपल्याकडे काय करतात? "बेंबी सरकली" म्हणतात आणि पोट चोळतात. नाही तर एरंडेल पाजतात. बाबांनो, असं करू नका! त्याने ते शेपूट फुटू शकतं. फुटलं की पू पोटभर पसरतो आणि जीव धोक्यात येतो. वेळेवर दवाखाना गाठला, तर साध्या शस्त्रक्रियेने माणूस बरा होतो. करंगळीएवढी वस्तू, पण तिच्यापायी घरचा कर्ता माणूस जाऊ शकतो.

शेवटी मूत्रपिंडं, म्हणजे गुर्दे. पाठीकडे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांजवळ. एकेक मुठीएवढं. पण त्यांचं काम बघा! दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळतात. १५ लिटरची घागर धरली, तर १२ घागरी झाल्या. त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत जातं. फक्त एक ते दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतं.

आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात खुरपायला, ऊस तोडायला जाता आणि दिवसभर पाणी पीत नाही. मग लघवी पिवळीजर्द होते, खडे धरतात. संध्याकाळी अंग ठणकतं, म्हणून दुकानातून गोळी आणून खाता. रोज रोज अशी गोळी खाल्ली तर गुर्दे खराब होतात. आणि गुर्दा आधी ओरडत नाही. पुष्कळ बिघडल्यावरच कळतं. म्हणून शेतात जाताना पाणी बरोबर न्या, तहान लागायची वाट पाहू नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी खाऊ नका. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल, तर गुर्दे तपासून घ्या.

आता पुन्हा एकदा मूठ वळा. एवढं हृदय. एवढाच एकेक गुर्दा. घरी गेल्यावर मुलाबाळांना दाखवा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, की नुसतं "पोटात दुखतंय" म्हणून थांबू नका. बोट ठेवून सांगा, "डॉक्टर, इथे दुखतंय, कालपासून दुखतंय." तेवढ्याने निम्मं काम होतं.

रामराम.