दांडीखालचा जॅक

परभणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊनच आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचे आकडे पेपरात येऊ लागले, की थंडीच्या यादीतही आपलं नाव वरच असतं. काही वर्षी तर पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आपण पाहिलाय. नेमका हाच ऊसतोडीचा हंगाम. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पूर्णा, गोदाकाठच्या या सगळ्या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या पळत असतात.

माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. थंडी पडली की गिऱ्हाईक येतं ते ठरलेल्या तक्रारी घेऊन. सेल्फ घेत नाही, बॅटरी उतरली, डंपिंग ट्रॉली उचलत नाही. ट्रॉलीच्या दांडीखालच्या जॅकची तक्रार घेऊन मात्र सहसा कुणी येत नाही. तो जड फिरतो, मग त्याच्या मुठीत लांब पाईप घालतात आणि जोर लावतात. मीही तेच केलं होतं, आणि म्हणून आज त्याबद्दल बोलायचं आहे.

2009 च्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे पाचचा सुमार, नदीकाठचं शेत, हाताला हात दिसणार नाही अशी धुई. भरलेली दोन चाकी ट्रॉली सोडून ठेवली होती आणि ट्रॅक्टर लावायला दांडी चार बोटं वर घ्यायची होती. जॅक फिरेना. त्या ट्रॉलीच्या मालकानं दिवाळीतच मला सांगितलं होतं, ‘दादा, जॅक जड फिरायलाय, बघा जरा.’ मी म्हणालो होतो, ‘फिरतोय ना? मग चालू द्या.’ त्या पहाटे मी मुठीत पाईप घातला आणि अंगाचा भार टाकला. आत काहीतरी कडकन् वाजलं आणि दांडी खाली आली. माझ्या हाताखालचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्याच वेळी दांडीखाली दगड सरकवत होता. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

पुढं तो जॅक मी दुकानात खोलला. आतलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं. त्यात आपली काळी माती मिसळलेली, वरून शिरलेल्या पाण्यानं गंज धरलेला. नटाचे आटे झिजून पात्याएवढे पातळ झाले होते. म्हणजे थंडीनं फक्त ग्रीस घट्ट केलं. आटे आधीच गेलेले होते आणि उरलेलं काम माझ्या पाईपनं केलं.

जॅकची रचना साधी असते. एक नळी, तिच्यात दुसरी नळी, मध्ये आट्यांचा दांडा, त्यावर नट, आणि वर भार झेलणारी बेअरिंग. दोन चाकी ट्रॉलीच्या मालाचा काही भार चाकांवर जातो, काही पुढं दांडीवर येतो. दांडी सोडली की तो सगळा या एका नटावर. ऊस पुढं जास्त रचला तर नटाचं मरण, मागं जास्त रचला तर दांडी उलटी आभाळात जाते. तेव्हा सोडण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, उतार असो वा नसो.

देखभालीला वर्षातून दोन तास पुरतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, हंगाम लागण्याआधी, दुपारच्या उन्हात रिकाम्या ट्रॉलीचा जॅक काढा. डिझेलमध्ये धुऊन जुनं ग्रीस पूर्ण काढा. जुन्यावर नवं भरणं म्हणजे चिखलावर शेणकाला. कोरडं पुसा, आटे बोटानं चाचपा. धार लागली तर नट बदला, तो वेल्डिंगनं भरून घेऊ नका. मग आट्यांना आणि बेअरिंगला चांगलं लिथियम ग्रीस लावा. बाहेरच्या नळीला मात्र ग्रीस थापू नका, त्याला माती चिकटते आणि ती कानसीसारखी घासत राहते. तिथं तेलाचा नुसता बोळा फिरवा. काम झालं की जॅक पूर्ण वर घेऊन ठेवा, म्हणजे उघड्या नळीवर दव बसत नाही. वरच्या तोंडाला टोपण नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा तारेनं आवळला तरी चालतो.

माझा भाचा कॅनडात असतो. तिकडं गाडीमागं ओढायचं घर असतं, झोपायची खोली, चूल, सगळं चाकांवर. त्याच्याही दांडीखाली जॅक, पण विजेवरचा. बटण दाबलं की बारा व्होल्टची मोटर दांडी उचलते. मागं एकदा ऐन थंडीत त्याचा फोन आला, ‘मामा, जॅक नुसता गुरगुर करायलाय, उचलंना.’ तिथं त्या दिवशी उणे वीस. मी म्हणालो, ‘बटण सोड आधी. मोटर जाळतो की काय?’ बॅटरी बघायला लावली, ती अर्धी उतरलेली. थंडीत बॅटरीची ताकद तशीच कमी होते, त्यात घट्ट ग्रीसमुळं मोटरला करंट जास्त लागतो. शिवाय उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खाली गेली की गोठून फुटू शकते, पूर्ण भरलेली मात्र उणे वीसला गोठत नाही. त्यानं बॅटरी घरात नेऊन चार्ज केली. टर्मिनलवरची पांढरी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुतली, फ्यूज तपासला. तेवढ्यापुरतं काम त्यानं जॅकबरोबर मिळालेल्या हँडलनं हातानं फिरवून भागवलं. ते हँडल कुठं ठेवलंय हे शोधायलाच त्याचा अर्धा तास गेला! आता तो हिवाळ्याआधी ग्रीस बदलतो आणि मोटरवर कापडी टोपी घालतो.

आपल्याकडं विजेचा जॅक नसला तरी डंपिंग ट्रॉलीचा तेलाचा जॅक आहेच. थंड तेल घट्ट असतं. पहाटे सुरू केल्याबरोबर रेस वाढवून लिव्हर ओढू नका, पाच-दहा मिनिटं इंजिन हळू चालू द्या. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी आहे, ते बदला. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली, दणकट टेकू लावल्याशिवाय, हातसुद्धा घालू नका. जुनं सील थंडीत कडक होतं, तेल सोडतं, आणि ट्रॉली कधी खाली बसेल याचा नेम नसतो.

अजून एक. ऊसतोडीच्या टोळीतली माणसं थंडीत आडोसा शोधतात. लेकरं ट्रॉलीखाली पाचटात निजलेली मी पाहिलीत. जॅकला हात लावण्याआधी बॅटरीचा उजेड खाली मारा, आवाज द्या, वाकून बघा.

त्या पोराचं आता स्वतःचं दुकान आहे, माझ्यापासून चार कोसांवर. त्याच्याकडं बाभळीचे चार ठोकळे आहेत, वीतभर उंचीचे, त्यांना दोरीचे कान लावलेले. दांडीखाली ठोकळा घालताना तो हात आत नेत नाही, काठीनं ढकलतो आणि काढताना दोरी ओढतो. तसेच चार ठोकळे मी त्याच्याकडून करून घेतले. पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. त्या पहाटेबद्दल तो माझ्याशी आजवर एक शब्द बोललेला नाही.