सुटका झाली, नावाचं काय?

(हिंगोली येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

 

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साहित्याचा प्राध्यापक नाही. तरीही आज शायरीवर बोलणार आहे. तुरुंगाबद्दल वकील आपल्याला कलमं सांगतो. आत दिवस कसा जातो, रात्र कशी सरते, हे शायर सांगतो. उर्दूत तुरुंगात लिहिलेल्या शायरीला 'हब्सिया' म्हणतात आणि तिची परंपरा फार जुनी आहे.

हसरत मोहानींना १९०८ मध्ये ब्रिटिशांनी तुरुंगात टाकलं. त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' मासिकात छापलेला एक लेख सरकारला राजद्रोही वाटला. तुरुंगात त्यांना रोज चक्कीवर धान्य दळावं लागे. दंड वसूल करायला त्यांची पुस्तकं कवडीमोलाने विकली गेली. तरी गझल थांबली नाही. पुढे १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली आणि पुन्हा कैद झाली. ती कैद आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या येरवड्यात काढली.

अली सरदार जाफरींना १९४९ मध्ये, म्हणजे स्वतंत्र भारतात अटक झाली. ते नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी 'नींद' नावाची नज्म लिहिली, ती मुलाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त. एवढा मोठा कम्युनिस्ट नेता, पण या नज्मेत रात्र आहे, झोप आहे आणि घरापासून दूर असलेला बाप आहे. शायर आत गेला की त्याच्या कवितेत घर येतं, हे लक्षात ठेवा.

आणि आपली हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात होती, तिथले मख्दूम मोहिउद्दीन. तेही तुरुंगात गेले, तिथे लिहिलं, आणि सुटून आल्यावर विधानसभेत निवडून गेले.

आता माझा मुद्दा. ही सगळी माणसं विचारासाठी तुरुंगात गेली. बाहेर आली तेव्हा त्यांना हार घालायला लोक होते. आपल्या गल्लीत जो सुटून येतो त्याला कोण हार घालतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. म्हणजे चारातल्या तिघांचा खटला अजून संपलेला नव्हता. तारीख पडते, पेशी होते, पुन्हा तारीख पडते. घरच्यांचा एक दिवस मुलाकातीत जातो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. यांच्यावर कुणी दीवान लिहीत नाही.

मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षं आत होते. २०१५ मध्ये निर्दोष सुटले. आत असताना त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं. त्याच खटल्यातल्या उरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्येच कैदेत वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी या निकालाला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षं. त्या दिवसांत जन्मलेलं मूल आता कॉलेजात आहे.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नोकरी देताना कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासतात. कुणीतरी नाव सर्चमध्ये टाकतं. अटकेची बातमी दहा ठिकाणी फोटोसकट सापडते. सुटकेची बातमी असलीच तर चार ओळींची असते, तीही खाली कुठेतरी. कॉम्प्युटरला निकाल कळत नाही. त्याला एवढंच कळतं की कोणतं पान जास्त लोकांनी उघडलं.

पण सगळा दोष मशीनवर टाकून चालणार नाही. खोली नाकारणारा आपल्यातलाच असतो. स्थळ परत पाठवणारेही आपलेच. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते, तीही आपणच ठेवलेली असते. आणि जो खरोखर चुकला, शिक्षा पूर्ण भोगून आला, त्याचाही हिशोब कोर्टाने चुकता केलाय. तो आपण पुन्हा उघडणारे कोण?

सूरह यूसुफ आपण सगळ्यांनी ऐकली आहे. यूसुफ अलैहिस्सलाम तुरुंगात होते. त्यांच्याबरोबरचा एक जण सुटणार होता. त्याला ते म्हणाले, तुझ्या मालकाकडे माझा उल्लेख कर. तो बाहेर गेला आणि विसरला. त्या विसरण्यामुळे ते आणखी काही वर्षं आत राहिले. पुढे राजाचं बोलावणं आलं, तर ते लगेच निघाले नाहीत. आधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप त्यांनी पाठवला. दार उघडलं होतं, तरी नाव स्वच्छ होईपर्यंत ते थांबले. सुटका आणि इज्जत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कुठे सांगितलंय?

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत.

पहिली, कायदा माहीत करून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लागू आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत आणि एकापेक्षा जास्त खटले असतील तरी हा फायदा मिळत नाही. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

दुसरी, विसरू नका. वसमत असो, कळमनुरी असो, तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल तर त्याच्या घरी जा. मुलांची फी, आईची औषधं, एवढं विचारा.

तिसरी, लिहा. उर्दूत कैदेची शायरी भरपूर आहे. सुटून आल्यानंतरच्या पहिल्या महिन्याची कविता मला फार कमी सापडते, आणि आपल्या मराठीत, आपल्या दखनी बोलीत ती मला भेटलेली नाही. दिवा स्वतःच्या हाताने बंद करायची सवय मोडलेली असते. कडी आतून लावायची की नको, हे कळत नाही. मूल अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघतं. हे ज्याने भोगलं त्याच्याजवळ बसा. त्याला घाई करू नका. तो बोलला तर त्याच्या परवानगीने उतरवून घ्या, नाव नको म्हणाला तर नाव गाळा. नाही बोलला तर चहा प्या आणि पुढच्या जुम्म्याला पुन्हा जा.

खुदा हाफिज.