उन्हाची झळ, गाय आणि पेशीतले राखणदार



चैत्र-वैशाखात संकरित गाय भर दुपारी धापा टाकते, लाळ गाळते, रवंथ सोडते आणि संध्याकाळी दूध चोरल्यासारखी कमी देते. आपण म्हणतो, ऊन लागलं. अंगात नेमकं काय होतं ते पाहू.

मूत्रपिंडाजवळ अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट आलं की मेंदूच्या हुकमाने त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते अंगात साठवलेली शक्ती मोकळी करून जनावराला तगवतं. पण हे काम थोड्या वेळाचं. रोजच चालू राहिलं तर रोगाशी झुंजण्याची ताकद घटते, माज मुका जातो, गाय उलटते.

मग थांबवतं कोण? तेच कॉर्टिसॉल मेंदूकडे जाऊन ‘आता पुरे’ असा निरोप देतं. निरोप घेणारं प्रथिन पेशीतच असतं, त्याला ग्राही म्हणतात. पण ते एकटं पडलं तर काम होत नाही. पोत्यात धान्य ओतायचं तर तोंड धरायला दुसरा माणूस लागतो ना? तसं ग्राहीचं तोंड उघडं धरायला पेशीत राखणदार प्रथिनं असतात. त्यांनी धरलं, तरच संप्रेरक आत बसतं.

याच राखणदारांना दुसरंही काम आहे. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तशी अति उष्णतेने पेशीतली प्रथिनं बिघडतात. त्यांना सावरायचं तेही यांनीच. इटलीचे शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांना १९६२ साली फळमाशीच्या पेशी तापल्यावर त्यांतली काही जनुकं एकदम जागी झालेली दिसली. या प्रथिनांचा माग तिथून लागला.

ऊन वाढलं की पेशी राखणदार वाढवते, पण त्याला काही तास लागतात. सबंध अंगाला सवय व्हायला तर आठवडे जातात. म्हणून थंड भागातली संकरित गाय वैशाखात आणून पत्र्याखाली बांधू नका. हिवाळ्यात आणा, म्हणजे ऊन वाढेल तशी ती तयार होत जाईल. आपल्या देशी गाईंच्या पेशी मुळातच उन्हाला चिवट असतात, त्यांचं मोजमाप संकरित गाईला लावू नये.

पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या पसरा. पाण्याची टाकी सावलीत हवी, आणि ती दुपारी रिकामी नको. अंगावर पाणी मारलं तर वाराही खेळू द्या. कोंदट गोठ्यात नुसतं ओलं करून भागत नाही. वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री घाला. वाहतूक दुपारी टाळा.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. गाय मलूल दिसली की कुणीतरी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतो. ते औषध कॉर्टिसॉलच्याच जातीचं. त्याच ग्राहीत जाऊन बसतं. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला दिलं तर ती गाभडू शकते. पशुवैद्यकाला गाय किती महिन्यांची गाभण आहे ते आधी सांगा, मगच सुई टोचू द्या.