बॉम्बच्या खुणांचे रंग
लंडनच्या एखाद्या गल्लीत जुन्या घरांच्या रांगेत मध्येच एखादी नवी इमारत उपटसुंभासारखी उभी दिसली, तर १९४० च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या जर्मन बॉम्बवर्षावाची शंका घ्यावी, आणि तिचा निर्णय तर्कावर न सोपविता दप्तरखान्यात जाऊन करावा. लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविशारद खात्याने युद्धपूर्व नकाशांवर इमारतींची हानी हाताने रंगवून नोंदविली आहे : काळा रंग संपूर्ण विध्वंसाचा, जांभळा दुरुस्तीपलीकडच्या पडझडीचा, पिवळा किरकोळ इजेचा, व्ही-१ उडत्या बॉम्बसाठी मोठे वर्तुळ, व्ही-२ अग्निबाणासाठी लहान. क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील बॉम्बगणनेच्या कागदांशी हे ताडून पाहावे. वृद्धांच्या आठवणी मात्र, कितीही रसाळ असल्या तरी, तारखांच्या बाबतीत जरा जपूनच घ्याव्यात.